द्वारा

सातवी ब मध्ये पाध्येबाईंनी एका दुपारी
चाळीस पत्ते वाटले.
ओलोमोउत्स, चेकोस्लोव्हाकिया.
गावाचं नाव बाईंनाही धड म्हणता येईना.
लिहायचं आहे, म्हणाल्या, म्हणायचं कुठे आहे!

मला यारमिला आली,
शेजारच्या हरेश्वर तांडेलला पावेल.
नकाशावर अंतर मोजलं:
शिवडीपासून पाऊण वीत.
हरेश्वरची वीत मोठी, त्याच्या मते अर्धीच.

यारमिलाचं पत्र दीड महिन्यात आलं.
तिच्याकडे ससा होता, बर्फावर घसरायचे बूट होते,
आणि मोदकासारखं काहीतरी, आत आख्खं फळ,
त्याचं चित्र काढून खाली लिहिलं होतं: रविवार.
हळूहळू सगळ्यांची आली.
हरेश्वर रोज मधल्या सुट्टीत ऑफिसच्या खिडकीशी.
गायकर शिपाई नुसती मान हलवायचे.
मेला असेल तुझा पावेल, कुणीतरी म्हणालं.
हरेश्वरनं त्याला बुकललं
आणि मग स्वतःच रडला.

त्या रात्री मी यारमिलाच्या पाकिटावरचं तिकीट
बशीभर पाण्यात सोडवलं,
भाताच्या शितानं दुसऱ्या पाकिटावर डकवलं
आणि डाव्या हातानं लिहिलं:
प्रिय हरेश्वर, उशीर झाला,
मला गोवर आला होता.

वर्गभर फिरलं ते पत्र.
हरेश्वरनं तीनदा नाकाला लावलं,
परदेशाचा वास येतो, म्हणाला.
आमच्या स्टोव्हचा येत होता.

उत्तर लिहून त्यानं माझ्याच हातात दिलं:
तुझे वडील जी.पी.ओ.त सॉर्टर, तूच टाक.
तिकिटाचे पैसेही मोजून दिले.
ते मी कंपासपेटीत ठेवले, खर्चले नाहीत.
एकदाच खर्चले.

माझं इंग्रजी कच्चं, त्याचं माझ्याहून कच्चं,
तरी कळायचं ते कळलं:
आमची होडी निळी आहे.
तिच्यावर माझ्या आईचं नाव आहे.
मला पाण्याची भीती वाटते.
तांडेलाच्या पोरानं असं म्हणायचं नसतं.
इथे कुणाला सांगू नकोस.

बाकावर आम्ही कोपरं मारत होतो एकमेकांना,
खोडरबर ढापत होतो.
चार दिवस पावेलला काही सुचेना.
मग पावेलनं लिहिलं,
मी वाचायला उभा राहिलो की प वर अडकतो,
स्वतःचं नावसुद्धा बाहेर येत नाही.
त्या पत्रात तेवढंच खरं होतं.
मी प्रभाकर.

पुढल्या आठवड्यात बाईंनी धडा वाचायला
माझ्याकडे बोट केलं,
तर हरेश्वर ताडकन उभा. बाई, मी वाचतो.
मला वाटलं, हौस.
वर्षभर तो उभा राहत गेला
आणि वर्षभर मला हौसच वाटत गेली.

पाच पत्रं झाली. मग परीक्षा आली,
पावेलनं घर बदललं
आणि नवा पत्ता कळवायचा राहिला.

हरेश्वर आता गोदीत क्रेन चालवतो,
पाण्याच्या बरोब्बर वर, साठ फुटांवर.
भेटतो कधीमधी. बोलतो गुडघ्यांबद्दल.
पावेलचं नाव दोघांपैकी कुणी काढत नाही.

काल दाराखालून एक पाकीट आत सरकलं होतं.
त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका.
वर लिहिलेलं:
श्री. पावेल,
द्वारा प्रभाकर.

तिकीट तेच. गोवराच्या पत्रावरचं.
ज्या देशाचं, तो देश आता नकाशात नाही.
तिकिटावर शिक्क्याचं अर्धं वर्तुळ.
उरलेलं अर्धं पाकिटावर उमटायला हवं,
हे सॉर्टरच्या पोराला तेव्हा सुचलं नव्हतं.

या खेपेला ते होतं.
बॉलपेननं काढलेलं, जरा वाकडं,
तारखेच्या जागी
निळी होडी.